ज्याने मार खाल्ला, त्याने पुसायची लाठी

खूप खूप वर्षांपूर्वी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि त्यांना कामं थोडी होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. तिथे इतका काळ लढाई झाली नव्हती की शस्त्रागारातल्या तलवारी म्यानातून निघेनाशा झाल्या होत्या. दसऱ्याला त्यांची म्यानासकट पूजा व्हायची. आत तलवार आहे यावर सर्वांनी विश्वास ठेवायचा, असा तिथला रिवाज होता.

खरं शिक्षण चालायचं ते गावाबाहेरच्या तालमीत. तिथे लोखंडाचं नाव नव्हतं. भरीव वेळूच्या लाठ्या होत्या, बाभळीच्या लाकडाच्या तलवारी होत्या, आणि टोकाला कापडाचा गोळा बांधलेले लाकडी भाले होते. लाकडावर शिकलेला माणूस वेळ आली की लोखंडानेही लढतो, असं राजाचं म्हणणं होतं. ती वेळ कधी आली नाही, त्यामुळे ते म्हणणं खोटं ठरलं नाही.

तालमीचे वस्ताद म्हातारे होते. ते फार कमी बोलत. लोक याला त्यांचं शहाणपण समजत. काही अंशी ते खरंही होतं. बाकीचं कारण असं की त्यांचे दात थोडेच उरले होते आणि ते त्यांनी भाकरीसाठी राखून ठेवले होते.

या तालमीत एक विचित्र पद्धत होती. दिवसाचा सराव संपला की कुणी आपली लाठी पुसायची नाही. ज्याच्या लाठीचा मार आज आपण खाल्ला, त्याची लाठी पुसायची. फडक्याने माती आणि घाम काढायचा, करडईच्या तेलाचा हात फिरवायचा, अंगठा बुडापासून शेंड्यापर्यंत नेऊन कुठे कुसळासारखा धस उभा राहिलाय का ते पाहायचं, आणि राहिला असेल तर चाकूच्या पाठीने खरवडून टाकायचा. मग लाठी भिंतीतल्या खुंट्यांवर आडवी ठेवायची. कोपऱ्यात उभी करायची नाही, कारण उभी लाठी वाकते. चुलीजवळ ठेवायची नाही, कारण तिथे ती तडकते. गुंडाळून ठेवायची नाही, कारण गुंडाळलेल्या लाकडात ओल राहते आणि ओलीच्या वासावर भिरूड येतो, जो लाकूड आतून खातो आणि बाहेर कुणाला सांगत नाही. आणि लाठीला चीर दिसली, तर पुसणाऱ्याने ती मालकाला दाखवायची. मालकाने वाद न घालता ती लाठी पाणी तापवायच्या चुलीत घालायची.

नव्या पोरांना हे फार झोंबायचं. आधी मार खायचा, आणि वर मारणाऱ्याची लाठी पुसायची, हा कुठला न्याय? एका सरदाराच्या मुलाने तर हे वस्तादांना तोंडावर विचारलं. वस्तादांनी त्याला जवळ बोलावून त्याच्या दंडावरचा ओरखडा दाखवला.

"हा कुणाच्या लाठीचा?"

मुलाने नाव सांगितलं.

"त्याला माहीत आहे का, आपल्या लाठीला धस आहे म्हणून? नाही. त्याने हातात धरलेलं टोक गुळगुळीत आहे. धस तुला लागलाय, मग तूच काढ."

सरदाराच्या मुलाला हे पटलं की नाही ते कळलं नाही. पण लाठी त्याने पुसली.

या तालमीत हैबती आणि सुभाना असे दोन गडी होते. लहानपणी दोघं एकाच दिवशी आले, एकाच मातीत पडले, आणि एकमेकांच्या लाठ्या पुसत मोठे झाले. पुढे हैबतीचा हात असा काही चालू लागला की त्याला वार लागेनासा झाला. मार खायचा नाही म्हटल्यावर पुसायलाही काही उरलं नाही. संध्याकाळी बाकीचे फडकी घेऊन बसत तेव्हा हैबती कट्ट्यावर बसून मिशांवर हात फिरवी. त्याची लाठी मात्र पुष्कळांना पुसावी लागे, आणि बहुतेक वेळा ती सुभानाच्या वाट्याला येई.

कुणाला काही लागेनासं झालं की त्याला सल्ला देणारे वाढतात. हैबतीला कुणीतरी सांगितलं की तुझी लाठी शकुनाची आहे, ती दहा जणांच्या हाताखालून जाऊ देऊ नकोस, कुणाची नजर कशी असते सांगता येत नाही. हैबतीला ते एकदम पटलं. त्याने लाठी घरी नेली. चिताऱ्याकडून तिच्यावर लाखेचा लाल मुलामा चढवून घेतला, वर सोनेरी पट्टे काढून घेतले, तिला रेशमी खोळ शिवली, आणि चुलीच्या उबेत बरी राहील म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी केली. म्हणजे तालमीत जे जे करायचं नाही असं शिकवत, ते सगळं त्याने तिच्यावरच्या प्रेमापोटी केलं.

त्याची बायको म्हणाली की या घरात लग्न होऊन मी आले, पण रेशीम मात्र काठीला मिळालं. हैबती हसला. त्याला वाटलं, ही कौतुकच करते आहे.

वस्तादांनी त्याला एकदा सांगून पाहिलं की लाठी तालमीत ठेव. पण त्याच सुमारास राजेसाहेब तालीम पाहायला आले होते आणि ती लाल लाठी हातात घेऊन म्हणाले होते की शस्त्र असावं तर असं. हैबतीने वस्तादांना एवढीच आठवण करून दिली. वस्ताद गप्प बसले. त्यांची भाकरी राजवाड्यातून यायची.

आता वस्ताद थकले होते. या दसऱ्याला हैबती आणि सुभाना यांचा सामना होणार, जिंकेल त्याला तालमीची गादी मिळणार, अशी दवंडी पिटली गेली. हैबतीला गादी हवी होती. सुभानालाही हवी होती. त्याने तसं कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

दसऱ्याच्या आधी सराव चालू असताना सुभानाच्या मनगटावर एक बारीक ओरखडा उठला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उठला. तिसऱ्या वेळी त्यातून रक्त आलं. सुभाना हैबतीकडे गेला आणि म्हणाला की तुझी लाठी मला संध्याकाळी पुसायला दे.

"का?"

"शेंड्यापासून हातभर खाली काहीतरी आहे. लाखेखाली चीर असावी. हे बघ माझं मनगट."

हैबतीने मनगट पाहिलं, मग सुभानाचा चेहरा पाहिला. "सामना तोंडावर आला आणि तुला माझ्या लाठीत खोट दिसली," तो म्हणाला. "बरं आहे. मी साधी लाठी घेऊन उतरावं, म्हणजे तुला सोपं जाईल, नाही का?"

"तसं नाही रे."

"मग कसं? या लाठीला महाराजांनी हात लावलाय. त्यांना नाही दिसली चीर."

सुभाना परत आला. त्याला वाईट वाटलं ते हैबतीने संशय घेतला म्हणून नव्हे. आपल्याला खरोखरच गादी हवी आहे, त्यामुळे हा संशय अगदीच बिनबुडाचा नाही, हे त्याला कळत होतं. असा माणूस मग दुसऱ्यांदा बोलायला जात नाही.

दसऱ्याला सारा गाव लोटला. राजेसाहेब उंच बैठकीवर बसले. आखाड्याच्या अगदी कडेला, मातीला पाय लागतील इतक्या जवळ, तालमीतले जुने गडी बसले. तो त्यांचा मान होता. त्यातल्या अर्ध्यांना नीट दिसत नव्हतं. ते म्हणत की आम्ही खेळ कानांनी पाहतो. वार आला तर बाजूला सरकायची ताकद त्यांच्यापैकी एकातही नव्हती. वस्तादही आज त्यांच्यातच, घोंगडीवर बसले होते.

सामना सुरू झाला. पहिलाच वार सुभानाने आडव्या लाठीवर घेतला. चांगल्या वेळूवर वेळू आपटला की खणखणीत आवाज येतो. हा आवाज बद्द आला, पिकलेल्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. लाठी आतून गेली होती. हैबतीचा जोर आणि आपली अडवणूक एकत्र आली की ती फुटणार. आणि वेळू फुटतो तेव्हा नुसते तुकडे पडत नाहीत, सुऱ्या उडतात.

सुभाना वर्तुळात फिरला. हैबती समोर, आणि हैबतीच्या तोंडासमोर, सुभानाच्या पाठीमागे, वस्ताद आणि ते म्हातारे. जागा बदलून पाहावी तर म्हातारे चारी बाजूंना होते. हात वर करून सामना थांबवावा, तर राजासमोर कारण द्यावं लागणार. आणि ज्याला गादी हवी आहे त्याने दिलेलं कारण ऐकतं कोण? विचार करायला याहून जास्त वेळ नव्हता. हैबतीचा डोक्यावरचा वार सुटला होता.

सुभानाने लाठी खाली केली आणि तो वार खांद्यावर घेतला.

लोकांनी आरडाओरडा केला. हैबतीने पुन्हा वार केला. तोही सुभानाने त्याच खांद्यावर घेतला. या वेळी हाड मोडल्याचं त्याला स्वतःला ऐकू आलं. तो गुडघ्यावर बसला. ढोल वाजले. राजेसाहेबांनी आपल्या गळ्यातला हार हैबतीच्या गळ्यात घातला, आणि जाहीर केलं की येत्या पौर्णिमेला हैबती गादीवर बसेल. शिवाय हा विजय लाखेच्या लाठीचा असल्यामुळे तालमीतलं झाडून सगळं लाकूड लाखेने रंगवावं, त्याला रेशमी खोळी शिवाव्यात, आणि ते राजवाड्याच्या तळघरात बंद ठेवावं, असाही हुकूम सुटला. हुकूम ऐकून चितारी आणि शिंपी यांना मनापासून आनंद झाला.

हैबतीला दोन दिवस लोक भेटायला येत होते. तिसऱ्या दिवशी जुन्या गड्यांपैकी एक आंधळा म्हातारा आला. त्याने आशीर्वाद दिला, लाडू खाल्ला, आणि उठता उठता म्हणाला की असा सामना मी उभ्या जन्मात ऐकला नाही. एकाच लाठीचा आवाज येत होता, दुसरी गप्पच होती.

हैबतीला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी तो लाल लाठी हातात घेऊनच सुभानाच्या घरी गेला. सुभाना ओसरीवर बसला होता. हाडवैद्याने त्याचा खांदा पट्ट्यांनी आवळून बांधला होता.

"तो वार मी तुला पहिल्या वर्षापासून मारतोय," हैबती म्हणाला. "तू तो दर वेळी अडवलास. दसऱ्याला का नाही अडवलास?"

"हात उशिरा उठला."

"सुभाना, तुझा हात कधी जेवायलाही उशिरा उठला नाही."

सुभाना हसला, आणि हसल्यामुळे खांदा दुखला म्हणून थांबला. मग म्हणाला, "अडवला असता तर तुझी लाठी फुटली असती. मागे वस्ताद बसले होते."

"लाठी धड आहे."

"मग गुडघ्यावर घे आणि दाब."

हैबतीने लाठी गुडघ्यावर घेतली. त्याने जोर लावलाच नाही. लावायची गरज पडली नाही. लाल मुलामा करकरत फाटला आणि लाठी मोडून दोन झाली. आतून पिवळसर भुकटी भसाभस ओसरीवर पडली. शेंड्याकडे वीतभर लांब एक कांब सुरीसारखी बाहेर आली. भुकटीतून एक भिरूड हळूहळू चालत निघाला आणि, भरल्या घरातून उठवलेल्या पाहुण्याने पाहावं तसं, त्याने दोघांकडे पाहिलं.

हैबतीने त्या कांबेवरून अंगठा फिरवला.

"हे मला आधी सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला.

"सांगितलं होतं," सुभाना म्हणाला.

हैबतीने ती भुकटी हाताने गोळा केली, दोन्ही तुकडे उचलले आणि तो घरी निघाला.

वाटेत त्याचं मन त्याला पुष्कळ चांगले सल्ले देत होतं. तुकडे चुलीत घाल. दुसरी लाठी रंगवून घे. पौर्णिमा जवळ आली आहे. सुभाना कुणाला सांगणार नाही, तो तसा माणूसच नाही. हे सगळं खरं होतं. पण तालमीवरून जाताना त्याने पाहिलं की हुकमाप्रमाणे काम सुरू झालं आहे. चितारी भिंतीतल्या खुंट्यांवरून लाठ्या उतरवून एकेक लाल करत होते, आणि पोरं कौतुकाने त्या ओल्या रंगाकडे बघत होती. पुढच्या दसऱ्याला या लाठ्या तळघरातून निघतील. समोरासमोर येतील. त्यांच्या आत काय असेल ते कुणाला दिसणार नाही.

हैबती घरी न जाता राजवाड्यात गेला.

भरल्या दरबारात त्याने लाठीचे तुकडे राजापुढे ठेवले, भुकटी ठेवली, आणि सांगितलं की सामना मी जिंकलो नाही. सुभानाने माझ्या लाठीचे वार मुद्दाम खांद्यावर घेतले, नाहीतर तुमच्या डोळ्यांदेखत वस्तादांचा जीव गेला असता. माझ्या लाठीची खोट त्याने मला आधी सांगितली होती. मी ऐकलं नाही.

राजेसाहेबांनी भुकटीकडे पाहिलं. दरबारी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले.

"म्हणजे आम्ही कौतुक केलं ते सडक्या लाठीचं?"

"कौतुक रंगाचं होतं, महाराज," हैबती म्हणाला. "रंग चांगलाच आहे."

राजाला राग आला. राजाला खरं सांगितलं की आधी राग येतो आणि मग, राजा बरा असला तर, विचार येतो. हा राजा बरा होता, पण विचार यायला त्याला वेळ लागे. तोवर त्याने हैबतीची गादी काढून घेतली आणि सुभानाला देऊन टाकली. सुभानाला बोलावून आणलं तेव्हा कळलं की हाडवैद्याने हात टेकले आहेत. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही. लाठी डोक्यावर फिरवता न येणारा वस्ताद त्या राज्यात कधी झाला नव्हता. पण राजेसाहेबांची एकाच पंधरवड्यात दोन फर्मानं निघाली होती, आणि तिसरं काढणं बरं दिसलं नसतं. तेव्हा सुभाना वस्ताद झाला.

सुभानाने गादीवर बसल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे हैबतीला बोलावलं.

"मला दाखवता येत नाही," तो म्हणाला, "आणि तुला सांगितलेलं ऐकू येत नाही. तू दाखव, मी सांगतो. होईल तसं."

हैबती मान खाली घालून उभा होता. तो म्हणाला, "आता येईल ऐकू, वस्ताद."

त्या दिवसापासून तालमीला दोन माणसांचा मिळून एक वस्ताद झाला. सुभाना ओट्यावर बसून वार सांगे आणि हैबती आखाड्यात तो करून दाखवी. लाखेचा हुकूम कुणी मागे घेतला नाही. राजांचे हुकूम मागे घेत नसतात. तालमीच्या दाराच्या चौकटीला लाल मुलामा आणि सोनेरी पट्टे देण्यात आले, आणि हुकूम अमलात आला असं राजेसाहेबांना कळवण्यात आलं. लाठ्यांवरचा रंग पोरांनी बसून खरवडून काढला, त्यांना तेल पाजलं, आणि त्या पुन्हा खुंट्यांवर आडव्या गेल्या.

हैबतीला सरावात अजूनही वार लागत नसे. पण संध्याकाळी तो कट्ट्यावर बसत नसे. ज्या ज्या पोराने त्याचा मार खाल्ला असेल त्याच्यापुढे तो उभा राही, आपली लाठी त्याच्या हातात देई, आणि कुठे लागलं ते विचारी. पोरं धीट झाली होती. काही तर नसलेला धसही दाखवायची, वस्तादांच्या जोडीदाराला राबवायची ही संधी कोण सोडेल? हैबती वाद न घालता चाकू घ्यायचा आणि दाखवलेली जागा खरवडायचा. त्याची लाठी त्यामुळे जरा लवकर झिजे. पण त्या तालमीत पुढे कधी कुणाचा डोळा गेला नाही.

सुभानाचा हात मात्र वर गेला नाही तो नाहीच.

लहानांनी लक्षात ठेवावं आणि मोठ्यांनी विसरू नये ते इतकंच: आपल्या हातातल्या लाठीचा धस आपल्याला कधीच लागत नाही, तो ज्याला लागतो, त्याचं वेळेवर ऐकावं.